मीठ गेलं कुठे?

तिसरीचा वर्ग होता. काचेच्या पेल्यातल्या पाण्यात मी चमचाभर मीठ टाकलं आणि एका मुलाला ढवळायला सांगितलं. पाणी पुन्हा नितळ झालं तसं विचारलं, "मीठ गेलं कुठे?" ढवळणारा म्हणाला, "संपलं." मागच्या ओळीतून आवाज आला, "पाण्यानं खाल्लं." पुढे बसलेली एक मुलगी पेला उजेडासमोर धरून बराच वेळ आत बघत होती. ती म्हणाली, "सर, मीठ गेलं. चव तेवढी राहिली."

तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पाठ टाचणात उत्तर लिहिलेलं होतं, 'मीठ पाण्यात विरघळलं'. ते कुणीच दिलं नाही, म्हणून मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं आणि तास संपला. पुढे कित्येक वर्षांनी जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या कामाबद्दल वाचनात आलं. जिनिव्हातल्या मुलांसमोर त्यांनी पाण्यात साखर विरघळवली होती. तिथली लहान मुलंही म्हणाली होती की साखर नाहीशी झाली, गोडी तेवढी उरली आहे आणि तीही थोड्या वेळानं जाईल. पेल्याचं वजन किती भरेल? साखर टाकण्याआधी होतं तेवढंच, असं त्यांचं म्हणणं. ते वाचताना मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली. विचार करत करत ती बरीच लांब आली होती आणि नेमकं तिथेच तिला सोडून मी फळ्याकडे वळलो होतो.

ही पुस्तिका म्हणजे त्या तासाची भरपाई आहे. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ती लिहिली आहे. शाळा जिल्हा परिषदेची असो, पालिकेची असो की खासगी. प्रयोगशाळा नसेल आणि एका वर्गखोलीत दोन इयत्ता बसत असतील, हे गृहीत धरूनच तिच्यातल्या कृती निवडल्या आहेत. घरी मुलांबरोबर काही करून बघावंसं वाटणाऱ्या पालकांनाही ती चालेल.

पदार्थ, त्याच्या अवस्था आणि मिश्रणं हा भाग प्राथमिक शाळेत सोपा समजला जातो. स्थायू, द्रव, वायू असे तीन रकाने आखायचे, प्रत्येकात पाच-पाच नावं भरायची, मिश्रणाची व्याख्या सांगायची, की घटक संपला. परीक्षेत मुलांना गुणही मिळतात. मात्र त्याच मुलांना पेल्यातल्या मिठाबद्दल, ओल्या फरशीवरच्या पाण्याबद्दल किंवा रिकाम्या बाटलीबद्दल विचारलं, की उत्तरं पुन्हा 'संपलं', 'उडून गेलं', 'काही नाही' अशी येतात. या वयाच्या मुलांना या विषयात जे खरोखर शिकायचं असतं ते मला एका वाक्यात सांगता येईल: जे दिसेनासं झालं ते संपलेलं नसतं. विरघळलेलं मीठ दिसत नाही, हवा दिसत नाही, हवेतलं बाष्प दिसत नाही. तरी तिन्ही असतात, जागा व्यापतात आणि वजन भरतात. तीन रकान्यांची यादी यापुढे दुय्यम आहे.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण पहिली ठेच तिथेच लागते. 'पाच पदार्थांची नावं सांगा' म्हटलं की वर्गातून 'पोहे, शिरा, वडापाव, भजी' अशी यादी येते. शिक्षक हसतात किंवा रागावतात. पण मुलांचं काय चुकलं? मराठीत पदार्थ म्हणजे आईनं केलेलं खाणं. वैशेषिक दर्शनात पदार्थ या शब्दाची व्याप्ती इतकी मोठी आहे की द्रव्य, गुण, कर्म हे सगळे पदार्थच, आणि द्रव्यांच्या यादीत पृथ्वी, पाणी, वायू यांच्याबरोबर काळ आणि मनही बसतं. द्रव्य म्हणजे पैसा, हा अर्थ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. गॅस म्हणजे लाल टाकी. आपल्या परिभाषेतला जवळजवळ प्रत्येक शब्द असा घरात वापरून आलेला आहे. म्हणून पोह्यांपासूनच सुरुवात करावी. पोह्यांना वजन आहे का? ते जागा व्यापतात का? मग आपल्या अर्थानंही ते पदार्थ झाले. आणि पोह्यांचा वास? सावली? भूक? या प्रश्नांवर वर्ग अर्धा तास सहज भांडतो.

दुसरीकडे, परिभाषेला जे भेद हवे असतात ते घरच्या मराठीत आधीच तयार आहेत. बर्फ वितळतो, साखर विरघळते, गूळ पाघळतो, तूप थिजतं, खोबरेल गोठतं, भिजलेला कागद विरतो. यातल्या प्रत्येक क्रियापदामागे कुणीतरी नीट बघितलेलं आहे. मुलं पुष्कळदा 'साखर वितळली' म्हणतात. त्यांना लगेच दुरुस्त करू नये. दोन वाट्या समोर ठेवाव्यात. एका वाटीत बर्फाचा खडा, दुसरीत साखर आणि पाणी. बर्फाला पाणी व्हायला आणखी कुणाची गरज पडली का? साखरेला पडली का? नुसती साखर तशीच ठेवली तर? वितळायला ऊब पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, हे मुलं स्वतः सांगतात. 'द्रावक' आणि 'द्राव्य' हे शब्द त्यानंतर आले तर ओझं होत नाहीत.

'अवस्था' हा शब्दही असाच उपयोगाचा आहे. बाल्यावस्था, वृद्धावस्था आपण म्हणतोच. माणूस तोच, अवस्था बदलते. खोबरेल तेलाची बाटली याला उत्तम. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्यामुळे देशावर डिसेंबरातल्या सकाळी ते बाटलीत पांढरं, घट्ट होऊन बसतं आणि शाळेला उशीर होत असताना आई बाटली उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवते. हे प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. मग खोबरेल स्थायूच्या रकान्यात लिहायचं की द्रवाच्या? या प्रश्नाला 'कधी?' असा उलट प्रश्न जो विचारतो त्याला अवस्था कळली. पाण्याच्या बाबतीतही पाठ्यपुस्तकातले १०० अंश समुद्रकाठचे असतात. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

रकान्यांत न बसणाऱ्या गोष्टी शिक्षकांना अडचणीच्या वाटतात. माझ्या अनुभवात खरा धडा त्यांच्यातच असतो. मी टेबलावर तीन भांडी ठेवतो: पाणी, रवा आणि दही. रवा ओतता येतो, भांड्याचा आकार घेतो, म्हणून बरीच मुलं त्याला द्रव म्हणतात. त्यांच्याकडे पुरावा आहे, तो मान्य करायचा. मग तिन्ही थाळीत ओतायला सांगायचं. पाणी सपाट पसरतं. रव्याचा ढीग होतो. दही थोडं ढासळतं, थोडं उभं राहतं. भिंगातून पाहिलं तर रव्याचा प्रत्येक कण आपला आकार धरून बसलेला दिसतो. ओतला जातो तो कणांचा घोळका. दह्याचा निकाल मात्र लावू नये. ते तिन्ही रकान्यांबाहेरचं, कलिल नावाच्या कुळातलं आहे आणि त्याची गाठ पुढच्या इयत्तांत पडणार आहे. 'बाईंनाही दही कुठे लिहायचं ते ठरवता येईना' ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात. त्यात काही बिघडत नाही. वीज चमकते तेव्हा हवेची जी चौथी अवस्था होते, प्लाझ्मा, तिचं नुसतं नाव कानावर पडलं तरी या वयात पुरे.

आता न दिसणाऱ्या तिघांकडे वळू. पहिली हवा. रिकाम्या बाटलीत काय आहे, याचं मुलांचं उत्तर 'काही नाही'. पेल्याच्या तळाशी कागद कोंबून पेला पालथा, सरळ बादलीत दाबला की कागद कोरडा राहतो. हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे आणि तो चांगला आहे. हवा जागा अडवते, एवढं त्यानं पटतं. वजनाचं काय? इथे एक सावधगिरीची सूचना. काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधून एक फोडायचा आणि काठी कलली की हवेला वजन असतं म्हणायचं, हा प्रयोग पुस्तकापुस्तकांतून फिरतो. फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच दाबलेली असते आणि भोवतालची हवा फुग्याला उचलून धरते. त्यामुळे मिळणारा फरक अगदी नगण्य असतो. काठी कललीच तर कारण बहुधा फुटून उडालेला रबराचा तुकडा असतो. त्यापेक्षा फुटबॉल घ्यावा. तो गोल दिसेल इतपत हवा आधीच असू द्यावी. स्वयंपाकघरातल्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर तो तोलावा, मग पंपानं टणक होईपर्यंत हवा भरावी आणि पुन्हा तोलावा. काटा चार-पाच ग्रॅम जास्त दाखवतो. चार ग्रॅम म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट. म्हणून पुढचा हिशेब फळ्यावर करावा. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. वीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच वर्गातल्या हवेचं वजन १३५ किलोच्या पुढेमागे भरतं. शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची पन्नास किलोची पोती येतात. तशी अडीच पोत्यांहून जास्त हवा आपल्या डोक्यावर आणि आजूबाजूला आहे, हे ऐकून पोरं वर बघायला लागतात.

दुसरं बाष्प. माझ्या मते या संपूर्ण घटकातली सगळ्यांत अवघड जागा हीच. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी मुलांना उकळतं पाणी दाखवून त्यातले बुडबुडे कशाचे, असं विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. उष्णतेचे, हवेचे, ऑक्सिजन-हायड्रोजनचे अशी उत्तरं मोठ्या मुलांनीही दिली. ते बुडबुडे पाण्याच्याच बाष्पाचे असतात. आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. किटलीच्या तोटीतून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाफ, असं आपण बोलतो आणि चित्रांतही तसंच दाखवतो. तोटीच्या अगदी तोंडाशी नीट पाहिलं तर बोटभर जागा मोकळी दिसते. बाष्प तिथे आहे, आणि ते दिसत नाही. पुढचा पांढरेपणा म्हणजे थंड होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. मराठीत 'वाफ' आणि 'बाष्प' असे दोन शब्द हाताशी आहेतच. दिसते ती घरातली वाफ, दिसत नाही ते बाष्प, एवढी वाटणी वर्गापुरती करून घेतली तरी पुष्कळ काम होतं.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी ठेवलं होतं. थोड्या वेळात पेल्याला बाहेरून दव धरलं. हे पाणी कुठून आलं, असं विचारताच एक मुलगा ठामपणे म्हणाला, "आतून. पेला पाझरतो." सगळा वर्ग त्याच्या बाजूचा. मी म्हटलं, "स्टील कसं पाझरेल?" तो म्हणाला, "मग आमचा माठ कसा पाझरतो?"

मला पुढे बोलता येईना. त्याच्या घरच्या माठाला बाहेरून ओल येते ती खरोखरच आतून येते. माती सच्छिद्र असते, पाणी झिरपतं, बाहेर त्याचं बाष्प होतं, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि म्हणून माठातलं पाणी गार होतं. मुलानं आपला रोजचा, बिनचूक अनुभव पेल्याला लावला होता. अशा वेळी 'चूक' म्हणून खाली बसवलं तर तो माठावर विश्वास ठेवील आणि आपल्यावरचा काढून घेईल. त्या दिवशी मी वर्गालाच विचारलं: पाणी आतून येतं की बाहेरून, हे कसं ठरवायचं? एका मुलीनं तोडगा काढला. आत रंगीत पाणी भरा. आम्ही कोकम सरबत भरलं, त्यात बर्फ टाकला. बाहेर थेंब जमले ते पांढऱ्या रुमालानं पुसले. रुमाल पांढराच राहिला. मग माठवाला मुलगा म्हणाला, "पेला तोला. आतून आलं असेल तर वजन तेवढंच राहील, बाहेरून आलं असेल तर वाढेल." ही सूचना माझ्या टाचणात नव्हती. या पुस्तिकेत ती त्याच्या शब्दांत घेतली आहे.

गावोगावच्या शिक्षकांना इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. कोकणात जुलैमध्ये पेल्यावर थेंब बघता बघता जमतात. विदर्भात मे महिन्यात तीच कृती केली तर बराच वेळ वाट पाहावी लागते. उलट माठ विदर्भातल्या मे महिन्यात झकास गार होतो आणि कोकणातल्या दमट हवेत त्याची मात्रा फारशी चालत नाही. दोन्हींचं कारण एकच, हवेत आधीपासून किती बाष्प आहे ते. एकाच राज्यातल्या दोन शाळांनी एकमेकींना पत्र लिहून हे ताडून पाहिलं तर तो मोठाच प्रयोग होईल.

तिसरं विरघळलेलं मीठ. पण त्याच्याकडे थेट जाण्याआधी मिश्रणांच्या सोप्या बाजूनं जावं, आणि त्यासाठी शाळेतल्या स्वयंपाकघरासारखी प्रयोगशाळा नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना वर्गात बोलवा, किंवा वर्गच त्यांच्याकडे न्या. त्या तांदूळ निवडतात, पाखडतात, चाळतात, रोळतात. ही चार वेगळी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकामागे पदार्थाचा वेगळा गुण आहे. निवडताना डोळ्याला रंग आणि आकार कळतो. पाखडताना सुपाला हलकं-भारी कळतं. कोंडा पुढे जातो, दाणा मागे राहतो. चाळणीला लहान-मोठं कळतं. रोळताना पाण्यात तांदूळ वर येऊन वाहतो, जड खडा तळाला बसतो. सराफ कट्ट्यावरच्या गटारातली माती धुऊन सोन्याचा कण काढणारा झारेकरी हेच तत्त्व वापरतो. 'घटकांच्या गुणधर्मांतील फरकावरून मिश्रण वेगळे करता येते' हे वाक्य मावशींनी कधी वाचलेलं नसतं, पण त्या ते रोज सकाळी दहा वाजता करून दाखवतात. त्यांना एक दिवस गुरू म्हणून खुर्चीवर बसवायला काय हरकत आहे?

मग या सगळ्या हत्यारांनिशी मुलांना मिठाच्या पाण्यावर सोडावं. निवडता येत नाही, चाळता येत नाही. फडक्यातून गाळलं तर खारट पाणी जसंच्या तसं खाली उतरतं. थांबून निवळू दिलं तरी तळाला काही बसत नाही. गढूळ पाण्याचं तसं होत नाही. ते ठेवलं की निवळतं, आणि तुरटी फिरवली तर लवकर निवळतं, कारण एकमेकांना दूर लोटणारे मातीचे सूक्ष्म कण तुरटीमुळे एकत्र येऊन जड होतात. पूर्वी याच कामासाठी माठाला आतून एक बी घासत. तिचं नावच निवळी. मिठाचं पाणी मात्र कशालाच बधत नाही, आणि इथे साधं 'मिश्रण' आणि 'द्रावण' यांतला फरक मुलांच्या हाताला कळतो.

द्रावणात मीठ आहे याचा पहिला पुरावा तराजू देतो. दोनशे ग्रॅम पाणी, वीस ग्रॅम मीठ. ढवळल्यावर किती भरेल, याचे अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्यावेत. काही मुलं दोनशे म्हणतील, काही दोनशेच्या थोडं वर, थोडी दोनशे वीस. काटा दोनशे वीस दाखवतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती व्याख्येनं पसरत नाही. दुसरा पुरावा ऊन देतं. उरण, पेण, वसईकडच्या मिठागरांत हाच प्रयोग एकरांनी चालतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; वाफ्यांत पाणी खेळवायचं, ऊन-वाऱ्यानं ते आटू द्यायचं आणि उरलेलं मीठ ओढायचं. आगरी समाजाच्या नावातला 'आगर' हाच. कोल्हापूरकडच्या मुलांना मिठागर लांबचं वाटेल. त्यांच्यासाठी गुऱ्हाळ आहे: काहिलीतला पातळ रस आटता आटता काकवी होतो, पुढे गूळ होतो, आणि आटलेलं पाणी डोळ्यांदेखत ढगासारखं वर जातं.

द्रावणात किती घातलं, हाही विषय घरचाच आहे. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक ही संहतीची मापंच आहेत, फक्त थर्मामीटरऐवजी अंगठा आणि तर्जनी वापरून घेतलेली. जलसंजीवनी करताना तर माप चुकवून चालत नाही: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. जुलाबानं गळालेल्या मुलाचा जीव वाचवणारं द्रावण चौथीतल्या मुलीला नीट मोजून करता आलं, तर त्या वर्षी विज्ञान शिकवलं असं मी म्हणेन. त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तुरटीनं नितळ झालेलं पाणी पिण्यालायक झालेलं नसतं. जंतूही दिसत नाहीत, आणि तेही असतात.

प्रयोग निवडताना जे मी जाणून गाळले त्यांतला एक सांगतो, कारण तो अनेक शाळांत होतो. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर पेला पालथा घालायचा. ज्योत विझते, पाणी वर चढतं, आणि 'एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला म्हणून तेवढं पाणी चढलं' असं सांगायचं. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी विझते. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावून बघा, पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता. आकडा जुळतो म्हणून कारण बरोबर ठरत नाही, हे शिक्षकांनी स्वतः करून बघावं असं आहे. कापराचा प्रयोग ठेवला आहे, पण जाळायचा नाही. उघड्या वाटीत आणि घट्ट डबीत कापराच्या वड्या ठेवून आठवडाभर तोलायच्या. डबीत मिरी टाकली तर कापूर उडत नाही, असं आजी सांगते. ते खरं का, हे दोन डब्या ठेवून मुलांनीच ठरवायचं. डांबराच्या गोळ्या विषारी असल्यामुळे वगळल्या आहेत. चव घेऊन बघणं फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात, खाण्याच्याच वस्तूंवर आणि शिक्षक 'हो' म्हणतील तेव्हाच.

ही वाट मी शोधलेली नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला, पुढे 'एकलव्य' या संस्थेनं तो वाढवला आणि २००२ साली तो बंद झाला. तोवर त्यानं खेड्यातल्या साध्या शाळेतही मुलं स्वतः प्रयोग करू शकतात हे दाखवून दिलं होतं. त्याच कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून ती पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रापर्यंत आणि तिथून जगभर नेली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकं लिहिली. त्यांचं सगळ्यांचं ऋण आहे. सगळ्यांत मोठं ऋण माठवाल्या मुलाचं आणि मावशींचं.

पुस्तिका कशी वापरावी याबद्दल थोडं. प्रत्येक कृतीत आधी अंदाज, मग करून बघणं, मग बोलणं आणि शेवटी लिहिणं असा क्रम आहे. अंदाज फळ्यावर लिहून घेतल्याशिवाय कृती सुरू करू नये. अंदाज न करता पाहिलेला प्रयोग जादूच्या खेळासारखा विसरला जातो. व्याख्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर टाकल्या आहेत, तिथेच राहू द्याव्यात. रेणूंची चित्रं मुद्दाम दिलेली नाहीत. गोळ्यागोळ्यांचं चित्र बघून मूल 'बर्फाचे रेणू घट्ट, पाण्याचे मऊ' असं शिकतं, आणि ते पुसायला पुढे वर्षं लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. शाळेच्या मागे कचरा जाळतात तेव्हा प्लॅस्टिक 'संपतं'. गॅसची टाकी 'संपते'. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं आणि त्याहून १४.२ किलो जास्त भरून ती आली होती. नाल्यात सोडलेला रंग दोन वळणांनंतर दिसेनासा होतो. मोठी माणसंही 'गेलं एकदाचं' म्हणतात. तिसरीत ज्या मुलानं मिठाचा माग काढलेला आहे, ते निदान विचारील: गेलं म्हणजे कुठे गेलं?

म्हणून ही पुस्तिका पुढे वाचण्याआधी एक काम करा. अर्धा पेला पाण्यात चमचाभर मीठ मुलांकडून विरघळवून घ्या, पसरट थाळीत ओता आणि थाळी वर्गाच्या खिडकीत ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लागतील, पावसाळ्यात आठवडाही जाईल. रोज एका मुलाला थाळीत डोकावून काय दिसतं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सांगा. तोवर उत्तर तुम्ही सांगू नका.